व्याह्यांच्या रानातले सहा डबे

३ सप्टेंबर १९८९, रविवार

व्याह्यांकडे लंच. व्याही म्हणजे मिस्टर जेफ्री हॅलम, आमची लेक सुप्रभा हिच्या मार्टिनचे वडील. साउथवेलच्या अलीकडे शेती, शेतीमागे वीस एकर रान, रानात फेझंट, म्हणजे कोंबडीएवढे रानपक्षी. हे लोक फेझंट पाळतात, महिनोन्‌महिने गहू खाऊ घालतात, आणि मग आठ मित्र बोलावून बंदुकीने मारतात. मी शाकाहारी माणूस. पण व्याह्यांच्या घरी मत देऊ नये.

त्यांची तक्रार अशी की गव्हाचे ड्रम जमिनीवर असतात, त्यामुळे अर्धा गहू उंदीर खातात. मी सहज म्हणालो की ड्रम झाडाला टांगा. सगळ्यांनी काटे-चमचे खाली ठेवले. आपलं ऐकलं जातंय हे पाहून मी पुढे म्हणालो की असा लटकता फीडर मीच बनवून देतो, मी इंजिनियर आहे. (कौन्सिलच्या ड्रेनेज सेक्शनला एकोणीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो. ड्रेनेज म्हणजे वरून टाकलेलं खालून नीट बाहेर येणं. फीडर म्हणजे तरी दुसरं काय?)

आजोबा शिकारी होते असंही बोलून गेलो. आजोबा भोरला जंगल खात्यात कारकून होते. जंगलाशी संबंध होताच.

सुप्रभाने टेबलाखालून लाथ मारली. ती मिसेस हॅलमना लागली.

४ सप्टेंबर, सोमवार

सुप्रभाचा हॉस्पिटलमधून फोन. तिथे ती फिजिओथेरपिस्ट आहे, आवाजही तसाच लावते. म्हणाली की बाबा, बाथरूमचा शेल्फ अर्धा आहे, लॉफ्ट अर्धा आहे, मंडळाच्या गणपतीचं मखर लावलंत तेव्हा अख्ख्या हॉलचे लाइट गेले. धिस टाइम इट्स माझा लग्न.

मराठी अजून कच्चंच.

लग्न २८ एप्रिलला. सकाळी चर्चमध्ये, संध्याकाळी मंडळाच्या हॉलमध्ये आपल्या पद्धतीने. आपल्या लग्नात नवरीला मामा मांडवात आणतो, म्हणजे तो मान माझ्या बायकोचा, सुनीतीचा, भाऊ श्रीनिवास याचा. कन्यादान सुप्रभा करू देणार नाही, ती काय दान द्यायची वस्तू आहे का म्हणे. मग बापाकडे उरलं काय? चर्चच्या दारापासून आतपर्यंत तिचा हात धरून चालणं. चाळीस पावलं आहेत. जुलैत जाऊन मोजून आलोय.

तिची अट: बॉक्सिंग डेच्या, म्हणजे २६ डिसेंबरच्या मोठ्या शिकारीपर्यंत फीडर पूर्ण करा, नाहीतर जेफ्रीला सरळ सांगा की जमत नाही. दोन्हींपैकी काहीही चालेल. पण अर्धवट ठेवून तिला त्या लोकांसमोर तोंडघशी पाडलं, तर चर्चमध्येही ती मामाबरोबरच चालेल.

साधी गोष्ट आहे. एक डबा, एक भोक, एक दोरी. दोन वीकेंड.

२४ सप्टेंबर, रविवार

सतरा ड्रॉइंग्ज पूर्ण. टायटल ब्लॉक फारच सुरेख आलाय. सुनीतीने विचारलं की डबा कुठाय. ज्यांनी कधी डिझाइन केलेलं नाही त्यांना असेच प्रश्न पडतात.

१ ऑक्टोबर, रविवार

मार्क वन, म्हणजे पहिलं मॉडेल, तयार. सुनीतीने पुण्याहून आणलेली तांदळाची स्टीलची कोठी वापरली. तळाला भोक, भोकात स्प्रिंग. पक्ष्याने स्प्रिंगला चोच मारली की चार दाणे पडणार. मागच्या गार्डनमध्ये सफरचंदाच्या झाडाला टांगून ट्रायल घेतली.

फेझंट अर्थातच आले नाहीत. खारी आल्या. एक दोरीवरून उतरली, झाकण उघडलं आणि आत जाऊन बसली. उंदरांचा बंदोबस्त यशस्वी.

कोठी सुनीतीच्या आईने दिलेली होती, हे मला आज कळलं. भोक पाडल्यावर.

३ ऑक्टोबर, मंगळवार

सुनीती अजून बोलत नाही. घरात शांतता आहे. कामाला पोषक.

१५ ऑक्टोबर, रविवार

मार्क टू हॅलमांच्या रानात टांगला. माझ्या छातीइतका उंच. जेफ्री म्हणाले, व्हेरी स्मार्ट, पॅडी. पद्माकर त्यांना जमत नाही. त्यांचा कीपर केन शेजारी उभा होता. केन कोळशाच्या खाणीत नाइट शिफ्ट करतो, बाकीच्या वेळात पक्षी सांभाळतो. त्याने विचारलं की पक्ष्यांसाठी शिडीही देणार का, डक. इथे सगळेच एकमेकांना डक म्हणतात, त्यात अपमान नसतो.

फेझंट हा पक्षी असून तो उडतो, एवढं मी गृहीत धरलं होतं. तो जमिनीवर उभा राहूनच खातो, हे मला कुणी सांगितलं नाही. चूक माझी नाही. माहिती अपुरी पुरवली गेली.

५ नोव्हेंबर, रविवार

काल मंडळाचं दिवाळीचं जेवण. सगळे पुऱ्यांवर तुटून पडले असताना मी किचनमागून तेलाचे सहा रिकामे प्लॅस्टिक ड्रम गाडीत भरले. सेक्रेटरी शशिकांत यांना वाटलं मी आवराआवर करतोय, त्यांनी भाषणात आभार मानले.

स्प्रिंगांचा प्रश्न होता. आमच्या सेटीत भरपूर आहेत. सहा काढल्या.

दुपारी सुनीती सेटीवर बसली ती खाली गेली. बोलायला लागली मात्र. पुष्कळ बोलली.

११ नोव्हेंबर, शनिवार

आता खरी गंमत. इंग्लंडची हवा दमट, गव्हाला बुरशी येते असं केन म्हणाला. मला आई आठवली. दर उन्हाळ्यात वर्षाच्या गव्हाला एरंडेल चोळून ठेवायची. ना किडा, ना बुरशी. या लोकांना शेकडो वर्षांत हे सुचलं नाही.

केमिस्टकडे एरंडेलाच्या अकरा बाटल्या मागितल्या. काउंटरवरच्या बाईंनी हळूच विचारलं की किती दिवसांपासून त्रास आहे. मी म्हणालो, सप्टेंबरपासून. त्यांनी डॉक्टरला भेटायला सांगितलं.

सगळ्या बाटल्या गॅरेजमध्ये दोन पोती गव्हाला चोळल्या. सुनीती म्हणाली की सासूबाई हाताला लावून चोळायच्या, गव्हाला आंघोळ नाही घालायच्या. मी प्रमाण इथल्या हवेनुसार वाढवलंय. हे तिला कळणार नाही.

१२ नोव्हेंबर, रविवार

सहाही फीडर टांगले, जमिनीपासून हातभर वर. जेफ्रींना पटवलं की जुने ड्रम काढून टाका, नाहीतर माझ्या डब्यांची खरी परीक्षा होणार नाही. ते जरा घुटमळले. मी आजोबांचा दाखला दिला. जुने ड्रम शेडमध्ये गेले.

सुप्रभाही आली होती. तिने एका डब्याच्या स्प्रिंगला बोटाने टिचकी मारली. काही पडलं नाही. पुन्हा मारली. मग मी म्हणालो की माणसाच्या बोटाला आणि चोचीला फरक असतो.  तिने विचारलं की एका पक्ष्याला दिवसाला किती गहू लागतो. तिला रस वाटायला लागलाय. बरं वाटलं.

१९ नोव्हेंबर, रविवार

यश.

हे मी उगाच लिहीत नाही. सकाळी दहाला रानात पोचलो, तर प्रत्येक फीडरखाली गहू सांडलेला आणि पंधरा-वीस फेझंट टिपतायत. नर काय देखणे असतात. मी झाडामागे उभा राहून पाहत होतो, डोळ्यांत पाणी आलं. एकोणीस वर्षं मी पाइपांची ड्रॉइंग्ज काढली, पण त्यांतून आनंदाने कुणी खाल्लं नव्हतं.

झाकण काढून पातळी मोजली. भरला तेव्हा होती तितकीच. आठवडाभर शंभर पक्षी खातात आणि गहू जराही कमी होत नाही. इतकी कार्यक्षमता मलाही अपेक्षित नव्हती.

केनला दाखवलं. तो डब्याकडे बघून म्हणाला, राइट, डक. आणि टोपी काढून डोकं खाजवत गेला. खेड्यातल्या माणसाला पटायला वेळ लागतो.

२६ नोव्हेंबर, रविवार

पातळी तीच. श्रीनिवासला इल्फर्डला पत्र लिहिलं, सोबत ड्रॉइंग नंबर अकराची कॉपी. श्रीनिवासने स्वतःच्या हातांनी घरामागे एक्स्टेन्शन बांधलंय, ते दर वेळी दाखवतो. खोलीच ती. कुणीही बांधेल. पेटंटचीही चौकशी करायला हवी.

चालायचा सराव सुरू केला. हॉलपासून किचनपर्यंत, डावा हात थोडा बाहेर. सुनीतीने विचारलं की खांदा दुखतोय का.

३ डिसेंबर, रविवार

सुप्रभा जेवायला आली. अवतार बघण्यासारखा. डोळे ओढलेले, हातांच्या बोटांना लाल सूज, गाडीत चिखलाने भरलेले वेलिंग्टन बूट. सकाळी सहाला उठते म्हणे. मी सांगितलं की लग्नाआधी तब्येतीकडे लक्ष द्यावं, रात्री लवकर झोपावं, हातमोजे घालावेत. ती म्हणाली की हो बाबा.

जेवण झाल्यावर म्हणाली की एकदा डब्यातला गहू हात घालून बघा ना, वरून नको, खालपर्यंत. साधा कोरडा गहू भरून बघा. मी दुखावलो. ज्या यंत्रात गेले तीन आठवडे काही बिघाड नाही ते उघडायचं कशाला? तिच्या आईचं वळण.

१० डिसेंबर, रविवार

सुप्रभाला फ्लू. सगळीकडे साथच आहे, हॉस्पिटलमध्ये अर्धा स्टाफ घरी. सुनीती मुगाची खिचडी घेऊन तिच्या फ्लॅटवर गेली, बसने, कारण गाडी मला हवी होती. मी नाही गेलो. आत्ता आजारी पडणं मला परवडणार नाही. पाऊस थांबत नाही, झाकणांकडे बघायला हवं.

सुनीतीने निरोप आणला. मार्टिनला सांगून जुने ड्रम परत लावून घ्या, फक्त ती बरी होईपर्यंत, प्लीज. ती बरी होण्याचा आणि ड्रमांचा काय संबंध? तापात माणूस काहीही बोलतं. मी जुने ड्रम लावले, तर मला स्वतःलाच खात्री नाही असं जेफ्रींना वाटेल.

लावले नाहीत.

१७ डिसेंबर, रविवार

रानात एकही फेझंट नाही.

पावसात विश्रांती घेत असावेत.

१८ डिसेंबर, सोमवार

आजही नाहीत. पाऊस मात्र थांबला होता.

१९ डिसेंबर, मंगळवार

डबा उघडून खालपर्यंत हात घातला. हात गेला नाही. अख्खा गहू डिंकाच्या लाडवासारखा एक झालाय, वरून हिरवे कोंब आलेत, वास येतो. लाटण्याने ठोकलं, मग उलथन्याने खोदलं. उलथनं वाकलं. दुसरा डबा तसाच. तिसरा उघडला. उरलेले उघडले नाहीत.

मग गेले महिनाभर ते खात काय होते? याचा विचार मी गाडीत बसून बराच वेळ केला.  माझ्या हिशेबाने डबे चालत होते. मी स्वतः पाहिलंय.

केनला शोधलं. तो म्हणाला की पक्षी शेजारच्या इस्टेटवर गेलेत, तिथे मका आहे. आणि माझ्याकडे असा बघत राहिला की मीच काहीतरी बोलावं अशी त्याची अपेक्षा असावी.

२१ डिसेंबर, गुरुवार

सकाळी शेजारच्या इस्टेटच्या हेजपाशी, म्हणजे झुडपांच्या कुंपणापाशी, उभा राहिलो. पलीकडे आपलेच पक्षी, ओळखू येत होते. इकडून बासमती टाकला. पोहे टाकले. दिवाळीचा उरलेला चिवडा टाकला. ये ये म्हणून हाक मारली. एक बाई कुत्रा घेऊन आल्या आणि आर यू ऑल राइट म्हणून विचारून गेल्या.

एक नर हेजपर्यंत आला, चिवड्यातला शेंगदाणा घेतला, परत गेला.

जुने ड्रम आत्ता लावले तरी पाच दिवसांत पक्षी परतायचे नाहीत, असं केन म्हणतो. देवा, पाच दिवस.

२४ डिसेंबर, रविवार

आज जेफ्रींना सांगायचं ठरवलं होतं. सुप्रभाची अट स्पष्ट आहे. पूर्ण करा किंवा सांगा. सांगितलं तरी चालतंय. फक्त सांगायचं.

तीन वेळा डायल केलं, तिसऱ्या वेळी पूर्ण. जेफ्रींनीच उचलला. लंडनहून चार पाहुणे येतायत म्हणाले, त्यांना सगळ्यांना पॅडीच्या फीडरबद्दल सांगितलंय. रानात सगळं कसं काय विचारलं. मी म्हणालो, फर्स्ट क्लास. मेरी ख्रिसमसही म्हणालो.

फोन ठेवून जिन्यावर बसलो. सुनीतीने विचारलं की सांगितलंत का. मी म्हणालो की सणासुदीला कुणाचा मूड घालवू नये.

२६ डिसेंबर, मंगळवार. दुपारी तीन

लिहून टाकतो, म्हणजे संपेल.

आठ बंदूकवाले रानाबाहेर ओळीने उभे. सगळे ट्वीडच्या कोटांत. मी माझ्या चांगल्या ओव्हरकोटात जेफ्रींच्या शेजारी. पलीकडून हाकारे काठ्या आपटत रानात शिरले. वीस मिनिटं काठ्यांचा आवाज. रानातून आधी एक ससा आला. मग एक म्हातारी फेझंट मादी चालत आली, उडालीही नाही, ओळीसमोरून रस्ता ओलांडावा तशी गेली. तिच्यावर कुणी बंदूक उचलली नाही. मग हाकारेच बाहेर आले.

शेजारच्या इस्टेटवरून मात्र सकाळभर धाडधाड आवाज येत होता.

कुणी मला दोष दिला नाही. हेच भयंकर. जेफ्रींनी माझ्या खांद्यावर हात ठेवून, वन ऑफ दोज थिंग्ज म्हटलं आणि पाहुण्यांना सूप प्यायला नेलं. मार्टिन बुटांकडे बघत होता. लंडनच्या एका पाहुण्याने हेच का ते फीडर म्हणून विचारलं आणि वास घेऊन मागे सरकला.

मी केनला ट्रॅक्टरपाशी गाठलं. म्हणालो की नोव्हेंबरमध्ये तर खात होते, तू पाहिलंस. तो म्हणाला की तुमची पोरगी घालत होती. रोज पहाटे, हॉस्पिटलला जाण्याआधी, डोक्याला टॉर्च बांधून, बादली घेऊन. प्रत्येक डब्याखाली दोन-दोन ओंजळी. खाणीतून परतताना त्याला रोज दिसायची. तिने शपथ घातली होती की कुणाला सांगायचं नाही, मार्टिनला तर मुळीच नाही. तिला ताप आला तेव्हा तिने केनला सांगितलं होतं की आता बाबा जुने ड्रम लावतील. म्हणून त्यानेही काही केलं नाही. सॉरी, डक.

सूप प्यायला गेलो नाही. गाडीत येऊन बसलो. हे गाडीतच लिहितोय. सुनीती हॅलमांच्या घरात आहे. तिला वाटतं मी कोट ठेवायला आलो.

२६ डिसेंबर, संध्याकाळी

एरंडेल जरा जास्त झालं, बाकी डिझाइनमध्ये

२७ डिसेंबर, बुधवार

दुपारी सुप्रभा आली. अजून अशक्त आहे, चेहरा एवढासा झालाय. सेटीवर जपून कडेला बसली.

रागावली असती तर बरं झालं असतं. मी तयारी केली होती: पाऊस, केनची अपुरी माहिती, ड्रमांचं प्लॅस्टिक. ती रागावलीच नाही. म्हणाली की डबा चालला नाही याचं काही नाही, बाबा, कुणाला डब्याचं पडलंय. जेफ्रींनी फोनवर विचारलं तेव्हा तुम्ही फर्स्ट क्लास म्हणालात. आणि मी आजारी असताना आला नाहीत.

मी म्हणालो की मला माहीत नव्हतं ती रोज पहाटे. ती म्हणाली की माहीत असतं तर आला असता का. म्हणजे माझ्यासाठी, की गव्हासाठी?



मग तिने सांगितलं. आधी इंग्लिशमध्ये, मग मला नीट कळावं म्हणून मराठीत. चार आठवडे मी तुम्हाला धरून चालले, बाबा. दमले मी. त्या दिवशी कुणीतरी मला धरून चालायला हवं. मामाला विचारलंय. तुम्ही आईबरोबर पुढच्या रांगेत बसा.

आधी वाटलं की म्हणावं, मराठी लग्नात मामा आहेच, दोन्हीकडे तोच कशाला. मग वाटलं की एप्रिलला चार महिने आहेत, मार्क थ्री. तोंड उघडलंसुद्धा. तिने इतक्या थकलेल्या नजरेने बघितलं की मी फक्त बरं म्हणालो.

सुनीती आत चहा करत होती. तिने सगळं ऐकलं होतं. माझा कप माझ्यासमोर ठेवला, साखर घालून.

सुप्रभा निघाली तेव्हा पाऊस होता. गाडीपर्यंत फरशी निसरडी, तिला अजून चक्कर येते. तिने आईचा हात धरला. मी मागून छत्री धरून चाललो. गाडी वळून गेल्यावर पाहिलं, सुनीती पूर्ण भिजली होती, पोरगीही भिजूनच गेली असणार. मी कोरडा होतो.